शर्यतीचे घड्याळ कोणासाठी?

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रात रविवारची पहाट धावणाऱ्यांची होते. मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर ही नावे जुनी झाली. आता तालुक्याच्या गावीही ‘मॅरेथॉन’ असते. (मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे समजावून सांगण्याचा नाद मी सोडून दिला आहे. आपल्याकडे तीन किलोमीटरचीही मॅरेथॉन होते.) पोलीस परेड मैदानावर हवा भरलेली कमान, पहाटे पाचपासून दणदणणारे स्पीकर, झुंबा, एकसारखे टी-शर्ट. आणि कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हमखास : ‘दिव्यांग दौड – १ किमी’.

ही दौड बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होते. जवळच्या विशेष शाळेतील मुलांना बसने आणले जाते. पाहुणे झेंडा दाखवतात. रुग्णालयातून उसन्या आणलेल्या व्हीलचेअर स्वयंसेवक ढकलतात, वाटेत छायाचित्रे निघतात, पदक आणि केळे हातात पडते आणि मुले बसमध्ये परत जातात. वीस मिनिटांत सारे आटोपते. मग निवेदक सांगतो, ‘आता खरी शर्यत सुरू होत आहे!’ हे वाक्य मी स्वतः वैद्यकीय पथकाच्या मंडपात बसून एकाहून अधिक वेळा ऐकले आहे.

आयोजकांचा हेतू वाईट नसतो. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि तिथे दिव्यांगांसाठी सुमारे दीड किलोमीटरची स्वतंत्र दौड ठेवली जाते. ज्यांना घरचे लोक गर्दीत न्यायला कचरत, अशा अनेकांना त्यामुळे मोकळा रस्ता मिळाला, याचे मोल आहेच. पण बाकीच्या शहरांनी त्यातला साचा तेवढा उचलला. दिव्यांग म्हणजे स्वतंत्र रांग, छोटे अंतर आणि टाळ्या. ज्याला पाच किंवा दहा किलोमीटर जायचे आहे, त्याचे काय, हा प्रश्न नोंदणीच्या अर्जात येतच नाही.

तो आता यायला हवा. कारण वरच्या टोकाला चित्र पार बदलले आहे. पॅरिसच्या २०२४ पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली आणि त्यांतली १७ मैदानी खेळांतली होती. आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी गोळाफेकीत रौप्यपदक घेऊन आला. बौद्धिक अक्षमता असलेल्या गटात दीप्ती जीवनजी ४०० मीटर धावून कांस्यपदक जिंकली. सिमरन शर्मा अल्पदृष्टी असलेल्या गटात २०० मीटर धावली, ती गाइड रनरच्या, म्हणजे सोबत धावणाऱ्या वाटाड्याच्या साथीने. २०२५ मध्ये जागतिक पॅरा मैदानी स्पर्धा दिल्लीतच झाल्या आणि भारताला २२ पदके मिळाली. पण शिखरावर माणसे पोहोचली म्हणून पायथ्याची वाट झाली असे होत नाही. ज्याला पदक नको, रविवारी शेजाऱ्यांबरोबर धावायचे आहे, त्या माणसासाठी आपण काहीच बदललेले नाही.

आणि ही माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. ती मोजणी जुन्या व्याख्येवर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ७ ऐवजी २१ प्रकार मान्य केले. त्यांत पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, स्वमग्नता आहे, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक आहेत आणि विदर्भापासून नंदुरबार-पालघरच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत आढळणारा सिकलसेलही आहे. म्हणजे दिव्यांग धावपटू व्हीलचेअरवरच दिसेल असे नाही. तुमच्या शेजारी पायात बूट बांधणारा, वरकरणी धडधाकट तरुणही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील १६ टक्के, म्हणजे सहापैकी एक माणूस लक्षणीय अक्षमतेसह जगतो. त्यात वय झालेले आलेच. गुडघे गेलेल्या आजी या हिशेबाबाहेर नाहीत.

वैद्यकीयदृष्ट्या या लोकांना व्यायामाची गरज इतरांपेक्षा जास्तच असते. बसून राहिल्याने स्थूलता, मधुमेह, हृदयविकार हे सर्वांना होतात. ज्याची हालचाल आधीच मर्यादित आहे, त्याला लवकर होतात. शिवाय हाडे ठिसूळ होतात, बद्धकोष्ठता जडते, मन खचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रथमच दिव्यांगांसाठी वेगळी शिफारस होती. प्रौढांसाठी ती इतरांसारखीच आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम. जमेल तेवढा केला तरी न करण्यापेक्षा चांगला, हेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, असा २०२२ सालचा अंदाज आहे. सर्वसाधारण माणसाची ही गत, तर ज्याच्या घराला तीन पायऱ्या आणि गल्लीला उघडे गटार आहे, त्याची कल्पना करा.

इथे आम्हा डॉक्टरांचा संबंध येतो. आमच्या रुग्णालयात दर आठवड्याला दिव्यांग मंडळ बसते. सकाळपासून रांग लागते. आम्ही सांधे किती अंशात वाकतो ते मोजतो, ऐकण्याचा आलेख पाहतो, टक्केवारी लिहितो. ४० टक्क्यांची रेघ ओलांडली तर सवलती, नाही तर पुन्हा अर्ज. त्या साऱ्या कागदांत माणसाला काय येत नाही याची जागा आहे. काय येते, काय करायला आवडते, याची नाही. दोन वर्षांपूर्वी याच रांगेत एक तरुण आला. सेरेब्रल पाल्सी, एका हाताला कुबडी, बी.कॉम. झालेला, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा. त्याला प्रमाणपत्र नको होते, ते त्याच्याकडे होते. त्याला हवे होते ‘धावण्यास सक्षम’ असल्याचे पत्र. पाच किलोमीटरच्या एका शर्यतीच्या आयोजकांनी त्याच्याकडून ते मागितले होते. त्याच शर्यतीत माझा पन्नाशीचा, मधुमेही, वर्षानुवर्षे न चाललेला एक मित्र मोबाइलवर एका खुणेने नोंदला गेला होता. त्याला कोणी काही विचारले नाही.

आता आकडे पाहू. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यांत ५९ जणांचे हृदय धावताना किंवा धाव संपताच बंद पडले. त्यांतले ५१ पुरुष होते, सरासरी वय ४२. म्हणजे रस्त्यावर जीव गमावण्याचा धोका कोणाला असेल तर तो माझ्या मित्रासारख्यांना. तरीही धोका फारच कमी. लाखात एकाहून कमी. कुबडीवाला तरुण या यादीत वरच्या क्रमांकावर कुठेच बसत नाही. दिव्यांगाकडून पत्र मागायचे आणि मधुमेह्याला सोडायचे, याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. छातीत दुखणे, धाप, चक्कर, घरात कमी वयात हृदयविकाराने मृत्यू, हे प्रश्न सर्वांनाच विचारावेत. पत्र मागायचे तर उत्तर ‘हो’ असणाऱ्या प्रत्येकाकडून मागावे.

या अभ्यासाचा पुढचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आयोजकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. २०१० ते २०२३ मध्ये शर्यत पूर्ण केलेल्या २ कोटी ९३ लाख धावपटूंत १७६ जणांचे हृदय बंद पडले. प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच. पण पूर्वी अशा दहांपैकी सात जण दगावत, आता तिघांपैकी एक दगावतो. फरक पडला तो लगेच छातीदाब देणाऱ्या माणसांमुळे आणि हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र जागेवर असल्यामुळे. आपल्याकडे रुग्णवाहिका कमानीजवळ उभी असते, कारण पाहुणेही तिथेच असतात. ती अंतिम टप्प्यात, गर्दीत न अडकता निघेल अशी हवी आणि प्रत्येक पाणी-केंद्रावर छातीदाब शिकलेला किमान एक स्वयंसेवक हवा. हा खर्च ‘दिव्यांगांसाठी’ नाही. माझ्या मित्रासाठी आहे.

त्या तरुणाला मी पत्र दिले. त्याने पाच किलोमीटर एक तास वीस मिनिटांत पूर्ण केले. तो पोहोचला तेव्हा कमानीतली हवा काढून ती घडी घालून टेम्पोत ठेवली जात होती. वेळेची मर्यादा एक तासाची होती.

या घड्याळाचा इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. १९७५ मध्ये बॉब हॉल या अमेरिकी तरुणाने व्हीलचेअरवरून बॉस्टन मॅरेथॉनमध्ये उतरायची परवानगी मागितली. तीन तासांच्या आत आलास तर प्रमाणपत्र देऊ, असे त्याला सांगण्यात आले. तो दोन तास ५८ मिनिटांत आला. पुढे त्याच शर्यतीत डिक हॉइट हे वडील आपल्या मुलाला, रिकला, खुर्चीत बसवून ढकलत धावू लागले. रिकला सेरेब्रल पाल्सी होती. १९८० मध्ये ते अधिकृत क्रमांकाविना धावले. पात्रतेची जी वेळ लावली गेली ती चाळिशीतल्या वडिलांच्या नव्हे, तर विशीतल्या मुलाच्या वयोगटाची! तीही त्यांनी गाठली आणि १९८३ मध्ये त्यांना अधिकृत प्रवेश मिळाला. पुढे ही जोडी बॉस्टनला एकूण ३२ वेळा धावली. वेळ पाळून आत येणाऱ्यांचे आपल्याला कौतुक वाटते, मलाही वाटते. पण दार उघडण्यासाठी असामान्य असावे लागणे, ही सर्वांसाठीची व्यवस्था नव्हे.

याच्या उलट टोकाला ‘पार्करन’ आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर धावले, तिथून तो सुरू झाला. आज वीसहून अधिक देशांत तो दर शनिवारी, विनाशुल्क होतो. मला त्यातली एक योजना फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक वेळी एक स्वयंसेवक सर्वांच्या मागे चालतो आणि शेवटचा क्रमांक नेहमी त्याचाच असतो. त्यामुळे सहभागी झालेला कोणीही शेवटचा येत नाही. २०१८ पासून ब्रिटनमधील अनेक कुटुंबवैद्यांचे दवाखाने आपल्या भागातल्या पार्करनशी जोडले गेले आणि रुग्णांना तिकडे पाठवू लागले. औषधाच्या चिठ्ठीवर ‘शनिवारी बागेत जा’ असे लिहिण्याजोगी जागा आपल्या गावात आहे का, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

आपल्याकडे रस्ता बंद ठेवण्याची परवानगी तासांवर मिळते, हे खरे आहे. वाहतूक पोलिसांना सकाळी आठनंतर चौक मोकळा हवा असतो. त्यावर उपाय म्हणजे लांबलचक मार्गाऐवजी बंदिस्त फेरी. जिल्हा क्रीडा संकुल, कृषी महाविद्यालयाचा परिसर, तलावाकाठचा रस्ता अशा ठिकाणी एक किलोमीटरची फेरी आखली तर कोणी एक मारेल, कोणी दहा. सर्व जण एकाच वाटेवर असतात, एकमेकांना दिसतात, आणि दहा वाजेपर्यंत कमान उभी ठेवण्यास कोणाची हरकत नसते.

दुसरा बदल मोजमापाचा. किलोमीटर हे माप सर्वांना सारखे नाही. मांडीपासून पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पायावर तेच अंतर चालायला दीडपट किंवा अधिक ऊर्जा लागते. सेरेब्रल पाल्सीमध्ये ती दुप्पट-तिप्पटही होते. त्या तरुणाचे पाच किलोमीटर कदाचित माझ्या दहांहून मोठे होते. म्हणून एकदिवसीय शर्यतीऐवजी चार आठवड्यांचे आव्हान ठेवावे आणि मिनिटे मोजावीत. धावा, चाला, व्हीलचेअर चालवा, कुबड्यांवर जा. दम लागेल पण बोलता येईल अशी मिनिटे वहीत लिहा. गल्लीची, शाळेची, कार्यालयाची मिळून बेरीज करा. शेवटच्या रविवारी सर्वांनी एकत्र फेरी मारावी. मिनिटांच्या हिशेबात आजी, ब्लेडवर धावणारा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण एकाच संघात बसतात. मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीच्या ठोक्यांवर मात्र विसंबू नका. मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची नाडी पूर्ण श्रमातही ११० ते १३० च्या पुढे जात नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ती दबते. बोलता येते का, ही जुनी कसोटी अधिक भरवशाची.

आता खरी काळजी कुठे घ्यायची ते सांगतो, कारण ‘सर्वांना घ्या’ म्हणताना डॉक्टराने धोके लपवू नयेत.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट स्वच्छतागृह. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्यांचे मूत्राशय तुडुंब भरले तर त्यांचा रक्तदाब अचानक भयंकर वाढू शकतो. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. वेळेत लक्ष दिले नाही तर पक्षाघातही होऊ शकतो. अशा वेळी माणसाला आडवे न करता बसते ठेवायचे आणि मूत्राशय रिकामे करायचे. म्हणजे व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह नसणे ही गैरसोय नसून वैद्यकीय धोका आहे. मैदानावर आणलेली फिरती शौचालये जमिनीपासून दोन फूट उंच असतात. त्यांना उतार लावायला एक सुतार आणि अर्धा दिवस पुरतो.

याच रुग्णांना इजेच्या खाली घाम येत नाही किंवा कमी येतो. जानेवारीतही साडेआठनंतरचे ऊन त्यांना बाधते. सावली, ओले फडके, पाण्याचा फवारा हवा. सिकलसेलच्या रुग्णाने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, दमेपर्यंत ताणू नये आणि हाडे किंवा छाती दुखू लागली तर तिथेच थांबावे. कुष्ठरोगातून बरे झालेल्या व्यक्तीच्या तळव्याला संवेदना नसते. त्यामुळे खडा टोचला तरी कळत नाही, आणि आठवड्याने जखम घेऊन ती आमच्याकडे येते. त्यांनी धावू नये, मऊ एमसीआर रबराच्या पादत्राणांत छोटी पावले टाकत चालावे आणि संपल्यावर पाय तपासून घ्यावेत. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांनाही हेच लागू आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. त्याची तपासणी झाली आहे का ते विचारावे. मानदुखी किंवा चालण्यात अलीकडे बदल असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

वेगळेपण कधी कधी लागतेही. व्हीलचेअर उतारावर धावणाऱ्यांपेक्षा वेगाने जाते, म्हणून चाकांवरच्या लोकांना काही मिनिटे आधी सोडणे योग्यच. रुग्णालयातली साधी खुर्ची मात्र गतिरोधकावर पुढे उलटते. तिची पुढची चाके लहान असतात. मार्ग ठरवणाऱ्याने आदल्या आठवड्यात स्वतः खुर्चीत बसून एक फेरी मारावी. पेव्हर ब्लॉक, खचलेले चेंबर, तिरका रस्ता हे चारचाकीतून दिसत नाहीत. आणि खुर्चीला हात लावण्याआधी बसलेल्याला विचारावे.

अंध धावपटूला वाटाड्या हवा आणि दोघांच्या हातात धरायला एक दोरी. बुटाची नाडीही चालते. वाटाड्या त्याच्याहून थोडा वेगवान असावा, म्हणजे बोलायला दम उरतो : ‘दहा पावलांवर उजवे वळण’, ‘समोर गतिरोधक’. पॅरालिम्पिकमध्ये रेषा आधी धावपटूने ओलांडावी लागते, वाटाड्याने नव्हे. इथेही तसेच असावे. कर्णबधिरांसाठी आवाजाबरोबर झेंडा हवा. स्वमग्न मुलांसाठी स्पीकरपासून दूर एक शांत मंडप. खरे तर पहाटे पाचला तो आवाज कोणालाच सोसत नाही, पण ते कोण सांगणार?

नोंदणीच्या अर्जात ‘अपंगत्वाची टक्केवारी’ हा रकाना काढून ‘तुम्हाला कशाची गरज आहे?’ असा ठेवला, तर यांतली बहुतेक माहिती आपोआप मिळते.

पैशाचा मुद्दा येतोच. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३० क्रीडा सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. मैदानाला कायमचा उतार आणि एक नीट स्वच्छतागृह हे त्या निधीत बसणारे काम आहे. वर्षातून एका रविवारच्या टी-शर्टपेक्षा ते जास्त टिकेल. पालिकेने शर्यतीला परवानगी देताना मार्गाचा नकाशा मागितला जातो, तसाच स्वच्छतागृहाचा आणि कमान किती वाजेपर्यंत उभी राहील याचा तपशील लेखी मागावा.

चार आठवड्यांच्या आव्हानाआधी एक तपासणी शिबिर मात्र घ्या. कृत्रिम पायाच्या टोकाला घट्टे, खुर्चीत बसून झालेल्या जखमा, कुबडीची चुकलेली उंची या गोष्टी तिथेच सापडतात आणि बऱ्याचशा तिथेच दुरुस्त होतात. त्यासाठी लागणारे भौतिकोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात असतात. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे महिनाभर आधी पत्र द्यावे. आदल्या रात्री फोन करून रुग्णवाहिका मागण्यापेक्षा ते सोपे पडते.